फरशीवाल्याचे गुडघे

माझं माणसांशी मैत्रीपेक्षा भांडणात जास्त जमतं. मैत्रीत माणूस अर्धं बोलतो आणि अर्धं गिळतो. भांडणात सगळं ताटात वाढलेलं असतं, हवं ते उचलून खावं. अमेरिकेत, अल्फारेटातल्या आमच्या स्वयंपाकघराला फरशी बसवायला जो माणूस आला, त्याच्याशी माझं पहिल्या पाच मिनिटांत वाजलं, आणि इतकं सुरेख वाजलं की पुढचे दोन महिने मी शनिवारची वाट बघत असे.

हे २००६ च्या ऑक्टोबरमधलं. तो मेक्सिकोतल्या कुठल्याशा डोंगराळ गावचा, पन्नाशीचा, बुटका, मान नसलेला. आठवडाभर नव्या इमारतींच्या कामावर जायचा आणि शनिवारी अशी घरगुती कामं घ्यायचा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, किंवा माझ्याशी बोलण्याइतकं यावं असं त्याला वाटत नव्हतं. सोबत त्याची बायको असे. ती बादलीत सिमेंटचा मसाला कालवायची, फरशांच्या फटी भरायची, आणि दुभाष्याचं काम करायची.

मी दारातच सांगितलं, "घरात बूट काढायचे."

त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि चांगलं अर्धा मिनिट बोलला. हातवारे केले. एकदा आभाळाकडेही बोट दाखवलं.

बायको म्हणाली, "तो म्हणतो, नाही."

मग मी निवडलेल्या फरशा दाखवल्या. हस्तिदंती, चकचकीत, तोंड दिसेल अशा. त्याने अंगठा जिभेवर ओला केला, फरशीवर घासला आणि पुन्हा भाषण ठोकलं.

"घसरेल म्हणतो," बायको म्हणाली.

"एवढं बोलला, आणि नुसतं घसरेल?"

"बाकीचं तुमच्या उपयोगाचं नाही, सेन्योरा."

मी खूश. गाळलेल्या मजकुरात माझा किती उद्धार झाला असेल याचे मी आठवडाभर अंदाज बांधले. नवरा म्हणाला, "दुसरा माणूस बघू का?" मी म्हटलं, "खबरदार."

त्या वेळी सासूबाई नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, आणि त्यांच्या पायांबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. आमच्या सासूबाई चपला घालत नाहीत. कधीच नाही, कुठेच नाही. लग्नानंतर दोन वर्षं मला मूल झालं नाही, तेव्हा त्यांनी देवीपुढे नवस बोलला की नातवंडाचं तोंड बघेपर्यंत पायात चप्पल-बूट घालणार नाही. नागपूर. मे महिना. डांबर वितळून चाकांना चिकटतं त्या रस्त्यावरून ही बाई अनवाणी भाजी आणायला जायची, आणि परत आली की ओसरीवर पाय पसरून तळवे माझ्या दिशेला करून बसायची. तोंडाने एक शब्द नाही. तळव्यांना पडलेल्या भेगांमध्ये चार आणे ठेवले तर पडले नसते. शेजारणी यायच्या, तळवे बघायच्या, मग माझं पोट बघायच्या.

नवसाच्या सहाव्या वर्षी मुलगी झाली. आता नवस फेडायचा. आमच्या घरची रीत अशी की जिच्यासाठी चपला सोडल्या, त्या सुनेने आपल्या हाताने नव्या चपला सासूच्या पायात घालायच्या आणि पाया पडायचं. मी बाळंतिणीच्या खाटेवरून म्हटलं, "पाया पडते. चपला तुमच्या तुम्ही घाला." त्या म्हणाल्या, "मग राहू दे." झालं. वीस वर्षं त्यांनी घातल्या नाहीत आणि वीस वर्षं मी त्यांच्या पायात घातल्या नाहीत. लोकांची घराणी जमिनीवरून भांडतात, आमचं चपलांवरून.

अमेरिकेत याने फार बहार आणली. विमानतळावर सगळ्यांना बूट काढायला लावतात. सासूबाई रांगेत मोज्यांवर उभ्या. तपासणीवाला म्हणाला, बूट ट्रेमध्ये ठेवा. नाहीत. मग कुठे आहेत? नाहीत. त्याने वरिष्ठाला बोलावलं, वरिष्ठाने अजून एकीला. काढायला काहीच नसलेला प्रवासी त्यांच्या नियमात बसत नव्हता. इथल्या दुकानांच्या दारावर पाटी असते की अनवाणी माणसाला आत प्रवेश नाही. मी त्यांना मुद्दाम तिथपर्यंत न्यायची, पाटी वाचून दाखवायची, आणि म्हणायची, "आई, तुम्ही गाडीत बसा हं." त्या गाडीत बसायच्या आणि काचेतून मोज्यातले पाय वर करून दाखवायच्या.

दुसऱ्या शनिवारी त्या पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या. घरात मोजेही नसतात त्यांच्या पायात. फरशीवाला गुडघ्यांवर बसून माप घेत होता, त्याच्या नाकासमोरून ते दोन पाय गेले. त्याने माप खाली ठेवलं आणि बायकोला काहीतरी विचारलं.

"आजींकडे बूट नाहीत का?" तिने मला विचारलं. आवाजात असं काही होतं की जणू मीच विकून खाल्ले.

मी सांगितलं. तिने त्याला सांगितलं. त्याने टोपी काढली. मग उठला, दाराशी गेला, आणि बूट काढून बाहेर ठेवून आला. त्या दिवसापासून तो दर शनिवारी बूट बाहेर काढू लागला. माझ्याकडे बघून, सावकाश, एकेक नाडी सोडत. म्हणजे हे कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, याबद्दल माझा गैरसमज राहू नये.

सासूबाईंना तर माहेरचा माणूस भेटला. एकमेकांचा शब्द कळत नव्हता, पण त्या खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसायच्या, शेंगदाण्याचे लाडू द्यायच्या, आणि मराठीतून माझ्या तक्रारी करायच्या. तो मान डोलवायचा. मी ओट्यापाशी उभी राहून स्वतःबद्दल ऐकायचे.

त्याचे गुडघे मी पाहिले ते नोव्हेंबरात. काम करताना तो काळे, कडक, वाटीसारखे पॅड बांधायचा. एकदा दुपारी पॅड सोडून, पॅन्ट वर करून बसला होता. ते गुडघे नव्हतेच. हत्तीच्या पायाचा तुकडा कापून माणसाला जोडावा तसं काहीतरी होतं, आणि उजवा डाव्याच्या दीडपट. तीस वर्षं जमिनीवर रांगून पोट भरलं की असं होतं.

तो ट्रकमधून फरशांचं खोकं आणायला गेला. बायको चहाचा कप घेऊन उभी होती. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखवलं का?"

"दाखवलं. उजव्यात हाड हाडावर घासतंय. सांभाळून वागला तर अजून सात-आठ वर्षं काम करेल. एकदा जास्त ताण दिला तर पुन्हा जमिनीवर बसता येणार नाही." मग तिने कप ठेवला. "आणि बारा डिसेंबरला हा अर्धा मैल त्यांच्यावर चालणार आहे."

"कोणावर?"

"गुडघ्यांवर. रस्त्यावरून. उघड्या."

बारा डिसेंबर म्हणजे ग्वादालुपेच्या मातेचा, मेक्सिकोवाल्यांच्या मेरीचा, सण. मागच्या वर्षी हिच्या छातीत गाठ निघाली होती, कॅन्सरची. ऑपरेशन झालं, औषधं झाली, आता तपासण्या स्वच्छ होत्या. पण ऑपरेशनच्या दुपारी हा मातेपुढे बोलून बसला होता: ही वाचली तर चर्चपर्यंतचा रस्ता उघड्या गुडघ्यांनी येईन. खाली कांबळं नाही, पुठ्ठा नाही, काही नाही.

"मला विचारलं का याने?" ती म्हणाली. बोलताना ती बादलीतला मसाला काठीने असा ढवळत होती की मसाल्याचीच दया यावी. "मी बरी झाले ती डॉक्टरांनी कापलं म्हणून. आता हा पांगळा होणार, आणि जन्मभर मी याच्या गुडघ्यांकडे बघत बसणार. याचा बापही असलाच. आमच्या गावात गुड फ्रायडेला पुरुष डोक्यावर काळा बुरखा घालतात, दोन्ही हात पसरून काट्यांचा भारा खांद्यावर बांधून घेतात आणि रात्रभर चालतात. याचा बाप दरवर्षी चालायचा. रक्त निघालं की लोक म्हणायचे, वा. मग घरी येऊन पालथा पडायचा आणि याच्या आईने पाठ धुवायची. पुरुष एक दिवस काटे वाहतात. बायका वर्षभर ते ऐकतात."

माझे हात शिवशिवायला लागले. इतकं अचूक बोलणारी बाई मला अमेरिकेत भेटली नव्हती. मी तिला ओसरी, तळवे, शेजारणी, सगळं साभिनय करून दाखवलं. खुर्चीवर बसून पाय वर केले, तोंड सासूबाईंसारखं केलं. ती पहिल्यांदाच हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "तुमच्याकडे असल्या माणसाला थांबवायचा काही उपाय आहे का?"

इथे मी खोटं बोलले. विचार करून नाही. समोर प्रेक्षक असला की मला राहवत नाही.

"आहे ना," मी म्हटलं. "ज्याच्यासाठी नवस केला, त्याने वाटेत समोर उभं राहून 'मी सोडला' म्हणायचं. तेवढं म्हटलं की नवस सुटतो. देवसुद्धा काही करू शकत नाही."

असला काही नियम नाही. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या म्हणून बरं. नाहीतर नवस हा शब्द ऐकून बाहेर आल्या असत्या आणि माझी दांडी गुल केली असती. पण ती बाई ते वाक्य पुटपुटत पाठ करत होती. ते बघून मला जरा कसंसं झालं. जराच.

मग वाटलं, आधी सरळ मार्गाने बघू. मी लहान असताना माझे डोळे बिघडले होते, तेव्हा आईने देवीला चांदीचे डोळे वाहिले होते. डोळे वाचले, देवी खूश, कोणाचं काही गेलं नाही. पुढच्या शनिवारी मी फरशीवाल्यापुढे ठाण मांडलं आणि बायकोमार्फत सांगितलं की मी ओळखीच्या सोनाराकडून चांदीचे दोन गुडघे करून देते, ते मातेला वाहा आणि स्वतःचे घरी ठेवा.

त्याने पाकिटातून काहीतरी काढून माझ्या तळहातावर ठेवलं. नखाएवढा पत्र्याचा पाय. त्यांच्यातही वाहतात.

तो बोलला आणि बायकोने या वेळी काटछाट न करता, अगदी चवीने सांगितलं. "तो म्हणतो, हे आभार मानायला असतं. शब्द दिला असेल तर तो वेगळा. तो म्हणतो, तुमची देवी फार स्वस्तात सोडते."

माझी देवी काढली. मी तो पत्र्याचा पाय त्याला परत दिला आणि म्हटलं, "त्याला सांगा, आमच्या देवीला कामाला आलेल्या माणसाचे गुडघे मोडायची हौस नाही." सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "काय कटकट लावली त्याच्यामागं? करू दे नं त्याला." दोन विरुद्ध दोन. स्वयंपाकघरात रेघ ओढावी तशी स्थिती.

काम डिसेंबरपर्यंत जवळजवळ झालं. मागच्या दारापाशी एक पट्टा राहिला, कारण आलेल्या एका खोक्यातल्या फरशांचा रंग त्याला पसंत पडला नाही आणि त्याने ते खोकं परत पाठवलं. मला दोन्ही रंग एकच दिसत होते, हे मी त्याला सांगितलं, आणि तो काय म्हणाला ते बायकोने सांगितलं नाही.

बारा तारखेला मी दुपारी ऑफिसमधून निघाले. सासूबाईंनी सकाळपासून घोकलं होतं, "आपल्या माणसाचं नवस फेडणं आहे, जायला पाहिजे." साडी, वर माझ्या नवऱ्याचं जाड जाकीट, आणि पायात मोज्यांवर मोजे. पाऊस भुरभुरत होता, जॉर्जियात डिसेंबरात पडतो तसा, चिकट आणि हाड गोठवणारा.

एका टायरच्या दुकानासमोरच्या पार्किंगमधून लोक निघत होते. पायात शिंपल्यांचे चाळ बांधलेले, डोक्याला पिसं लावलेले नाचणारे पुढे. त्यांच्यामागे गुडघ्यांवरचे लोक. एक तरुण बाई, कडेवर पोर घेऊन. एक म्हातारा, तोंडाने सतत काहीतरी म्हणत. एका माणसाच्या उघड्या छातीवर निवडुंगाची जाडजूड पानं दोरीने आवळलेली. प्रत्येक पावलाला तो डोळे मिटायचा. प्रत्येकाच्या पुढे घरची माणसं कांबळी, पुठ्ठे, गाडीतले गालिचे अंथरत होती, आणि तो पुढे सरकला की मागचं उचलून पुन्हा पुढे टाकत होती. बाजूला पोलीस हातात कॉफी घेऊन रहदारी अडवत होता. त्याच्या चेहऱ्यावर एवढंच दिसत होतं की ही ड्यूटी कधी संपते.

आमच्या माणसापुढे कोणी काही अंथरत नव्हतं. पॅन्ट मांडीपर्यंत दुमडलेली, टोपी नाही, हात छातीवर. तो सरकायचा तेव्हा खडी ओरखडल्याचा आवाज यायचा. एका अनोळखी बाईने पुठ्ठा पुढे केला. त्याने मान हलवली. अर्धा रस्ता झाला होता. दोन्ही गुडघ्यांचं सालपट निघालं होतं, आणि उजव्यावर वजन आलं की त्याच्या जबड्याची हालचाल व्हायची.

मला खरंतर हसू येईल असं वाटलं होतं. इतक्या लांब मी तमाशा बघायलाच आले होते.

तेवढ्यात त्याची बायको आली. कामाच्या कपड्यांत, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत त्याचे काळे पॅड. ती थेट त्याच्या समोर उभी राहिली आणि मोठ्याने एक वाक्य म्हणाली. भाषा कळली नाही तरी वाक्य मी ओळखलं. माझंच होतं.

तो थांबला. मग डावीकडून जायला लागला. ती डावीकडे सरकली. तो उजवीकडे. तीही उजवीकडे. मागचे लोक खोळंबले. सासूबाई छत्री घेऊन त्याच्या बाजूला उभ्या होत्या, त्या तिला मराठीतून म्हणाल्या, "बाजूला हो गं. वाटेत कशाला उभी राहते?" ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सेन्योरा, याला सांगा तुमचा नियम."

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. आयुष्यभर मी अशा क्षणाची वाट बघत आले, आणि तेव्हा मी सासूबाईंच्या छत्रीमागे सरकले.

मग तो बोलला. खाली रस्त्याकडे बघून, बराच वेळ. ती ऐकत होती आणि तिचे हात पिशवीवर घट्ट होत होते. मी विचारलं, "काय म्हणाला?" आणि त्या दिवशी तिने मला वाक्यन् वाक्य सांगितलं, तिथेच, पावसात, एकसुरी आवाजात.

"तो म्हणतो, त्या दुपारी डॉक्टर दहा मिनिटं बोलला आणि मला एक शब्द कळला नाही. तू आत होतीस. नेहमी तू सांगतेस, तू आत होतीस. मला फरशी बसवता येते. तिथे फरशी आधीच होती. मला काहीतरी करायला हवं होतं, नाहीतर मी त्या डॉक्टरचा गळा धरला असता. तुझ्यासाठी नाही बोललो मी. तुझ्यावर उपकार नाहीत. मला त्या दुपारी उभं राहता येत नव्हतं, म्हणून बोललो."

तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग त्यालाच काहीतरी म्हणाली, आणि मला सांगितलं, "मी म्हटलं, मग तुझं तू कर. कोणी विचारलं तर माझं नाव घेऊ नकोस." आणि बाजूला झाली.

सासूबाईंनी माझं कोपर धरलं. "काय म्हणत होता इतका वेळ?"

"बायकोसाठी केलं म्हणाला," मी म्हटलं. बाकीचं त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. माझ्या तर मुळीच नव्हतं.

चर्चच्या पायऱ्या दगडी होत्या. तिसऱ्या पायरीवर त्याचा उजवा गुडघा अचानक आत वळला. तो पडला नाही, पण तोंडाचा रंग राखेसारखा झाला. दोघांनी हात दिला, तो त्याने घेतला नाही. उरलेल्या पायऱ्या त्याने डाव्या गुडघ्यावर आणि दोन हातांवर चढल्या. बायको सगळा वेळ दहा पावलांवर उभी होती. आत जाऊन आला तो दोन माणसांच्या खांद्यांवर. त्याला घडीच्या खुर्चीवर बसवलं. तिने पिशवी त्याच्या मांडीवर टाकली आणि गाडी आणायला गेली.

घरी आल्यावर सासूबाईंचे पाय मी गरम पाण्याच्या टबात सोडले, मीठ टाकून. वीस वर्षांत त्यांच्या पायांना माझा हात लागला नव्हता. त्या दिवशीही लागला नाही, टब मी पायाने सरकवला. मग विचारलं.

"आई, तुम्ही चपला सोडल्या त्या माझ्यासाठीच ना?"

"तुझ्यासाठी?" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. "तुझ्यासाठी कशाला? तू होतीस कोण? भाजीत साखर घालणारी पुण्याची पोर. मला नातवंड पाहिजे होतं. आता घरात दुसरं पोट नव्हतं, त्याला मी काय करू?"

"मग सहा वर्षं मला तळवे का दाखवलेत?"

"तू पाहात होतीस म्हणून."

मी इतकी हसले की नवरा वरच्या मजल्यावरून खाली आला. वीस वर्षं मी ज्या उपकाराखाली चिडचिडत होते, तो माझ्यावर झालाच नव्हता. मी आत गेले, माझ्या घरात घालायच्या रबरी सपाता आणल्या आणि त्यांच्यासमोर धरल्या.

"पाया पडायचं राहिलं," त्या म्हणाल्या.

"पाया पडणार नाही. मी होते कोण?"

"मग नेऊन ठेव."

मी नेऊन ठेवल्या.

नाताळच्या दोन-तीन दिवस आधी ट्रक आला. बायको एकटी उतरली आणि मग ट्रकच्या दुसऱ्या बाजूने कुबड्या निघाल्या, त्यांच्यामागून तो. तिने आत येऊन त्याच्यासाठी स्टूल मांडलं, नव्या रंगाच्या फरशांचं खोकं फोडलं, आणि गुडघ्यांना त्याचे काळे पॅड बांधले. तिला ते मोठे होत होते. पट्टे तिने दोन वेढे देऊन आवळले.

"क्लिनिकवाले म्हणतात, आता कधीच नाही," ती म्हणाली. "घेतलेली कामं आहेत. मीच करते. इतकी वर्षं मसालाच कालवला, हात लावू दिला नाही याने फरशीला."

ती खाली बसली आणि तो स्टुलावरून सुरू झाला. कुबडीने दाखवायचा, हे असं नाही, ते तसं नाही. ती न बघता उलट उत्तर द्यायची. सासूबाई त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बसल्या होत्या आणि अधूनमधून त्यांचंही चालू होतं.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतो, चुकतंय."

"एवढंच?"

"एवढंच."

पट्टा पुरा झाला तेव्हा त्याने स्टुलावरून वाकून, कुबडी बगलेत दाबून, पातळी बघायची पाणसळ फरशीवर ठेवली. बुडबुडा मधोमध. पाणसळ फिरवून ठेवली. पुन्हा मधोमध. त्याने पाणसळ तिच्याकडे दिली. ती हात पुसत उठली आणि माझ्याकडे बघून भुवई उडवली. जाताना बजावून गेली की उद्या दुपारपर्यंत या पट्ट्यावर कोणी पाय द्यायचा नाही.

मी हे सगळ्यांना सांगितलं. सासूबाईंना दोनदा सांगितलं. पण मागच्या दाराशी, उन्हाच्या तुकड्यात, आम्ही कुंडीतली तुळस ठेवली होती, आणि सकाळी तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या चहा पीत नाहीत. सकाळी मी खाली आले तर शेवटच्या फरशीचा एक कोपरा खाली दबलेला, आणि बाजूने मसाला वर आलेला. त्यात अंगठ्याचा आणि भेगांसकट टाचेचा ठसा. सपाता असत्या तर निदान ठसा तरी उठला नसता.

मी फोन लावला. बायकोने घेतला. मी सांगितलं, तिने मागे वळून त्याला सांगितलं, आणि मागून त्याचा आवाज आला.

"तो विचारतो, कोणाचा पाय?"

"आजींचा."

तिने ते मागे सांगितलं. मग तो बोलायला लागला, आणि बोलतच राहिला.

"तो म्हणतो, मग राहू दे तशीच," ती म्हणाली.

"इतका वेळ हेच सांगत होता?"

"नाही," ती म्हणाली. "बाकीचं तुमच्या उपयोगाचं नाही."